ग्रूव्हबॉक्स

ग्रूव्हबॉक्स : तालवाद्यांचे व स्वरवाद्यांचे ध्वनी इलेक्ट्रॉनीय मंडलांनी निर्माण करणारे आणि ते कोणत्या क्रमाने वाजावयाचे हे स्वतःच्या स्मृतीत साठवून पुनःपुन्हा वाजविणारे, एका पेटीत सामावलेले लहान वाद्य. हे नाव जपानच्या रोलंड कंपनीने १९९६ मध्ये आपल्या एमसी-३०३ या यंत्रासाठी वापरले व पुढे ते या जातीच्या सर्वच यंत्रांना रूढ झाले. नाव उशिराचे असले, तरी त्यामागील दोन्ही कल्पना, म्हणजे विद्युत् मंडलातून ध्वनी घडविणे व त्यांचा क्रम यंत्राकडे सोपविणे, बऱ्याच जुन्या आहेत.

अमेरिकन संगीतरचनाकार हेन्री कॉवेल यांच्यासाठी रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन यांनी १९३१ मध्ये ऱ्हिदमिकॉन हे यंत्र तयार केले. एकाच वेळी अनेक लयी वाजविणे हा त्याचा हेतू होता. अमेरिकेतील वुर्लिट्झर कंपनीचे साइडमॅन हे यंत्र १९५९ मध्ये बाजारात आले. त्यात विद्युत् चलित्राने फिरणारी एक तबकडी असून तिच्यावरील स्पर्शबिंदूंमुळे निर्वात नलिकांच्या मंडलांतून ताल वाजत. घरगुती ऑर्गन वाजविणाऱ्यास साथ मिळावी एवढीच त्याच्याकडून अपेक्षा होती. जपानमध्ये इकुतारो काकेहाशी (७ फेब्रुवारी १९३० – १ एप्रिल २०१७) यांच्या एस टोन कंपनीने १९६७ मध्ये ऱ्हिदम एस हे यंत्र काढले. यातील ताल कायम ठरलेले होते. मात्र दोन कळी एकदम दाबल्या असता दोन ताल एकमेकांत मिसळत. ठरलेल्या साच्यातून काही नवे काढण्याची ही बहुधा पहिली युक्ती म्हणता येईल. काकेहाशी यांनी १९७२ मध्ये रोलंड कंपनी स्थापन केली. या कंपनीच्या १९७८ च्या सीआर-७८ यंत्रात सूक्ष्मप्रक्रियक वापरल्यामुळे वादकाला स्वतःचा ताल साठविता येऊ लागला.

या जातीच्या यंत्रांचे शास्त्र खऱ्या अर्थाने घडले ते रोलंडच्या टीआर-८०८ या यंत्रात (१९८०). त्याच वर्षी रॉजर लिन या अमेरिकन अभिकल्पकाचे एलएम-१ हे यंत्र आले होते. त्यात खऱ्या ढोलांचे मुद्रित नमुने अंकीय स्वरूपात साठविलेले होते व त्याची किंमत सुमारे ५,००० डॉलर होती. टीआर-८०८ ची किंमत याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होती. त्यात एकही मुद्रित नमुना नव्हता आणि सर्व ध्वनी मंडलांतूनच निर्माण होत. मोठ्या ढोलासाठी एका अनुस्पंदी मंडलाला क्षणिक स्पंद दिला जाई व ते घंटेप्रमाणे सुमारे ५० हर्ट्‌झ कंप्रतेने काही काळ निनादत राही. झांजांसाठी एकमेकांशी न जुळणाऱ्या कंप्रतांचे सहा चौरस-तरंग आंदोलक एकत्र करून त्यांतील खालच्या कंप्रता छानकाने गाळून टाकल्या जात. त्यांपैकीच दोन, सुमारे ५४० व ८०० हर्ट्‌झचे, गाईच्या गळ्यातील घंटेचा आवाज देत. टाळीचा आवाज म्हणजे गोंगाट-तरंगाचे लागोपाठ काही अतिशय आखूड तुकडे होत. अनेक माणसांच्या टाळ्या एका क्षणी पडत नाहीत, हे निरीक्षण त्यामागे आहे. हे ध्वनी खऱ्या वाद्यांसारखे नाहीत, अशी टीका त्या काळी झाली आणि ती खरीही होती. सुमारे १२,००० यंत्रे तयार झाल्यावर १९८३ मध्ये उत्पादन थांबले. एका विशिष्ट, सदोष ठरलेल्या ट्रँझिस्टराच्या गोंगाटावर या यंत्रातील काही ध्वनी अवलंबून होते व अर्धसंवाहकांचे उत्पादन सुधारल्यामुळे तसा माल मिळेनासा झाला, असे कारण काकेहाशी यांनी पुढे सांगितले आहे. दरम्यान वापरलेली यंत्रे स्वस्तात विकली जाऊ लागली आणि न्यूयॉर्क, डिट्रॉइट, मायॅमी येथील तरुण वादकांच्या हाती पडली. आफ्रिका बंबाटा यांचे ‘प्लॅनेट रॉक’ व मार्व्हिन गे यांचे ‘सेक्शुअल हीलिंग’ (दोन्ही १९८२) यांत हेच यंत्र आहे. मोठ्या ढोलाचा निनाद लांबवून त्यालाच खर्जाचा स्वर बनविण्याची युक्ती या वादकांनी रूढ केली. मूळ यंत्रात ढोलाचा स्वर बदलण्याची खुंटी नसल्यामुळे तो ध्वनी नमुनायंत्रात मुद्रित करून हव्या त्या पट्टीत वाजविला जाई.

टीआर-८०८ च्या खालच्या कडेला १६ कळींची एक ओळ असून चार-चारांचे गट तांबड्या, नारिंगी, पिवळ्या व पांढऱ्या रंगांनी दाखविलेले होते. पाश्चात्त्य चार ठोक्यांच्या मापाचे हे १६ समान भाग होत. वाद्य निवडावे आणि जेथे आघात हवा तेथील कळ दाबावी, एवढेच करावयाचे. ताल चालू असतानाच हे करता येत असल्यामुळे लेखन व वादन यांतील अंतर नाहीसे झाले. तीनतालाच्या आवर्तनातही मात्रा १६ च असतात, परंतु तेथे सम, टाळी व खाली यांमुळे प्रत्येक मात्रेला स्वतःचे स्थान असते. यंत्राची १६ घरे एकसारखी असतात. त्यांना चढउतार द्यावयाचा तर आघाताचे बल वेगळे नोंदवावे लागते, आणि टीआर-८०८ मध्ये ते एका घरातील सर्वच वाद्यांना एकदम मिळे.

समान घरांमुळे येणारा यांत्रिकपणा घालविण्याचा सर्वांत फलदायी उपाय लिन यांनी काढला. त्यांच्या यंत्रात एका ठोक्याचे ४८ सूक्ष्म भाग असत, म्हणजे लागोपाठच्या दोन घरांच्या जोडीला २४ भाग मिळत. दुसरे घर नेमके मध्यावर, बाराव्या भागावर, न वाजविता तेराव्या, चौदाव्या किंवा त्याही पुढच्या भागावर वाजविले, तर जोडीचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ५४, ५८ असे वाढत जाते. सोळाव्या भागावर ते दोनास एक होऊन तिस्र चाल मिळते. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गतीत यातील एक भाग म्हणजे सेकंदाचा ९६ वा हिस्सा होय. एवढ्याशा विलंबाने तालाला झोका येतो, हे कानाला पटकन कळते पण सांगता येत नाही. हीच सोय लिन यांनी पुढे अकाई कंपनीच्या एमपीसी-६० (१९८८) मध्ये अधिक सूक्ष्म केली. डिट्रॉइटचे जे डिला (१९७४–२००६) यांनी याच मालिकेतील यंत्रावर समान घरांची शिस्तच बंद ठेवून बोटांनी ताल वाजविले व त्यांतील पुढेमागे होणारे आघात तसेच राहू दिले.

ध्वनिरचना व क्रम यांचा संयोग सर्वांत विलक्षण रीतीने दिसतो तो रोलंडच्या टीबी-३०३ मध्ये. तादाओ किकुमोतो यांनी अभिकल्पिलेले हे छोटे, बॅटरीवरही चालणारे यंत्र १९८० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत आले. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी हा त्याचा हेतू. तो साफ फसला. यंत्राचा आवाज बास गिटारसारखा नव्हता आणि क्रम भरण्याची रीत विचित्र होती. आधी सर्व स्वर एकामागून एक भरावयाचे, मग त्यांचे काळ निराळ्या फेरीत भरावयाचे. एका फेरीत चूक झाली की स्वर व काळ यांची जोडी सरकून भलतीच चाल तयार होई. सुमारे १०,००० यंत्रांनंतर १९८४ मध्ये उत्पादन बंद झाले. शिकागोतील फ्यूचर या मंडळीने असेच एक जुने यंत्र घेऊन, चाल तीच ठेवून छानकाच्या खुंट्या फिरवीत केलेले ‘ॲसिड ट्रॅक्स’ १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यापासून ॲसिड हाउस हा प्रकार निघाला.

या यंत्रातील दोन सोयी बारकाईने पाहण्याजोग्या आहेत. पहिली आघाताची. आघात दिलेला स्वर केवळ मोठा होत नाही, तर त्याचा क्षयकाल आखूड होतो व छानक अधिक उघडतो. शिवाय लागोपाठ आघात आल्यास एका धारित्रावरील भार पुरता उतरण्यापूर्वीच पुन्हा चढतो आणि प्रत्येक स्वर आधीच्याहून तीक्ष्ण होत जातो. अर्थात स्वर कसा वाजेल हे त्याच्या आधी काय वाजले यावर ठरते. दुसरी सोय घसिटीची. घसीट दिलेल्या स्वराला नवा आरंभ मिळत नाही, तो आधीच्या स्वरातून ओढला जातो.

ही घसीट मींडेजवळची आहे हे शिकागोच्या आधी मुंबईत एका वादकाने हेरले होते. हिंदी चित्रपटसंगीतात गिटार व अन्य वाद्ये वाजविणारे चरणजित सिंग (१९४०–२०१५) यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ व ज्युपिटर-८ ही रोलंडची तीन यंत्रे एकत्र जोडून ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ ही ध्वनिमुद्रिका १९८२ मध्ये केली. भूपाळी, यमन, ललित, मालकंस इ. दहा राग तीत आहेत. टीआर-८०८ चा ठेका अखंड चालतो, टीबी-३०३ रागाचेच स्वर खर्जात आवर्तनासारखे फिरविते आणि त्यावर ज्युपिटर-८ वर राग वाजविला जातो. रागविस्ताराच्या दृष्टीने हे काम मर्यादितच आहे, कारण आवर्तन बदलत नाही व श्रुतींना पट्टीच्या बारा स्वरांत बसावे लागते. परंतु ललितासारख्या दोन्ही मध्यमांच्या रागात त्या यंत्राची ओढ जी अस्वस्थता निर्माण करते, ती बास गिटारने साधली नसती. मुद्रिका त्या वेळी फारशी कोणाच्या कानावर गेली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर ॲसिड हाउसशी तिचे साम्य पाहून युरोपातील श्रोते चकित झाले. शिकागोच्या वादकांना ती ठाऊक होती असे मानण्यास आधार नाही. एकाच यंत्राच्या अंगभूत गुणांनी दोन्हीकडे सारखाच मार्ग दाखविला, असे म्हणणे अधिक योग्य.

यंत्रांचे स्वागत सर्वत्र झाले नाही. ब्रिटनमधील वादकांच्या संघटनेच्या मध्य लंडन शाखेने १९८२ मध्ये सिंथेसायझर व तालयंत्रे यांवर बंदी घालावी असा ठराव केला. ढोलवादकांच्या पोटाचा प्रश्न त्यामागे होता व तो काल्पनिक नव्हता. बंदी मात्र अमलात आली नाही. १९८३ मध्ये मिडी ही सामाईक संकेतपद्धती आल्यावर निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एका घड्याळावर चालू लागली. त्या घड्याळाचे ठोक्याला २४ स्पंद असतात, म्हणजे एका घराला सहा.

एमसी-३०३ व त्यानंतरच्या यंत्रांत जागेची व मार्गांची टंचाई हीच नव्या युक्त्यांची जननी ठरली. कॉर्ग कंपनीच्या इलेक्ट्राइब मालिकेत (१९९९) खुंटी फिरविण्याची हालचालच क्रमात साठविता येऊ लागली. स्वीडनमधील गोथेनबर्गच्या इलेक्ट्रॉन कंपनीने मशीनड्रम (२००१) मध्ये याही पुढे जाऊन प्रत्येक घराला त्या ध्वनीचे वेगळे गुणधर्म बांधून देण्याची सोय केली. त्यामुळे एकाच मार्गावर पहिल्या घरात खोल ढोल, पाचव्यात आखूड टिपरी व अकराव्यात लांब निनाद असे वाजविता येते. दुसरी युक्ती असमान लांबीच्या ओळींची. १६ घरांच्या ढोलाबरोबर १२ घरांची झांज चालविली, तर दोन्ही ४८ घरांनी समेवर येतात. १५ घरांची स्वरओळ चालविली, तर २४० घरे, म्हणजे १६ घरांची १५ आवर्तने लागतात. अल्प स्मृतीत दीर्घ रचना मिळविण्याचा हा मार्ग ठेक्याबरोबर दुसऱ्या जातीचे बोल धरणाऱ्या तबलजीला अपरिचित वाटणार नाही. उघड्या झांजेचा निनाद मिटलेल्या झांजेने तोडणे, एका घरात दोन-चार जलद आघात कोंबणे, खर्जाचा स्वर ढोलाच्या क्षणी किंचित दाबून ढोलाला वाट करून देणे, या नित्याच्या गोष्टी झाल्या आहेत. कॉर्गची व्होल्का मालिका (२०१३), नोव्हेशनचे सर्किट (२०१५) व रोलंडचे चार मार्गांचे एमसी-१०१ (२०१९) ही पिशवीत मावणारी यंत्रे याच परंपरेतील होत. एमसी-१०१ मध्ये टीआर-८०८ चे ते, एके काळी खोटे ठरविलेले, ढोल मुद्रित नमुन्यांच्या रूपाने दिलेले आहेत.