‘पांडू हवालदार’ आणि मावशीचे मत

परवा आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत एका तरुण सहकाऱ्याने मोबाईलवर ‘पांडू हवालदार’मधला एक प्रसंग लावला. चार टाळकी जमली. पाच मिनिटे नुसता हशा! प्रसंग संपला तसे आमच्या एका ज्येष्ठांनी चष्मा काढून डोळे पुसले आणि गंभीर आवाजात सांगितले, "पाचकळपणा आहे नुसता. असल्या सिनेमांनीच मराठीचे वाटोळे केले."

मी विचारात पडलो. या गृहस्थांचे खरे मत कोणते? डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले ते, की नंतर बोलले ते?

कारकुनी करणाऱ्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. फाईलवर टिपणी असते तेवढेच आमच्या लेखी खरे. चहाच्या टेबलावर जे बोलले जाते त्याची नोंद कुठेच होत नाही. पन्नास वर्षांनी कोणी ती फाईल उघडली तर त्याला फक्त टिपणी सापडणार. चावट विनोदाचा इतिहासही असाच टिपण्यांवरून लिहिला गेला आहे, असे मला वाटते.

‘पांडू हवालदार’ आला १९७५ साली. दादा कोंडके यांनी स्वतः दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट. भोळसट पांडू दादांनी रंगवला आणि इरसाल सखाराम हवालदार अशोक सराफ यांनी. बँकेत नोकरी करणाऱ्या या नटाला महाराष्ट्राने खऱ्या अर्थाने ओळखले ते या सिनेमामुळे. (पुढे १९९० मध्ये त्यांचे लग्न आपल्या मंगेशीच्या देवळात झाले, हे जाता जाता.) नायिका उषा चव्हाण, म्हणजे पारू केळेवाली. राम-लक्ष्मण या संगीतकार जोडीचे नाव याच चित्रपटाने पुढे आणले, आणि त्यांतले लक्ष्मण, म्हणजे विजय पाटील, यांनी पुढे १९८९ मध्ये ‘मैंने प्यार किया’ला संगीत दिले. म्हणजे ज्या सोज्वळ घरांत पांडूचे नाव काढायची चोरी होती, त्याच घरांत त्याच्या संगीतकाराच्या कॅसेटी दिवसभर वाजत होत्या!

हा हवालदार काही आकाशातून पडला नव्हता. १९६५ साली वसंत सबनीसांचे ‘विच्छा माझी पुरी करा’ हे लोकनाट्य रंगभूमीवर आले. त्याचे मूळ नाव ‘छपरी पलंगाचा वग’. त्यातला हवालदार दादांनीच गाजवला. ठरलेल्या संवादांत ताज्या घडामोडी घुसडायच्या, चालू नाटक थांबवून नाटकाचीच टवाळी करायची, प्रेक्षकाकडे बघून डोळा मारायचा, ही त्यांची तऱ्हा. हे काम पाहूनच आशा भोसल्यांनी त्यांचे नाव भालजी पेंढारकरांना सुचवले आणि १९६९ च्या ‘तांबडी माती’तून दादा पडद्यावर आले. १९७१ चा ‘सोंगाड्या’ तर नावापासूनच स्वतःबद्दलचा. तमाशाच्या नादी लागलेल्या एका भोळ्या पोराची ही गोष्ट, आणि ती सांगणारा स्वतः लोकनाट्यातून आलेला. दादांच्या प्रेक्षकाला पडद्यावरचा नाम्या किंवा पांडू कधी परका वाटलाच नाही. हा आपला दादा आहे, आता मिस्कील तोंड करून काहीतरी बोलणार, हे ठाऊक असूनच तो तिकीट काढत असे.

आता थोडे मागे जाऊ. दोन माणसे, त्यांतला एक वेडगळ किंवा वात्रट, आणि चालू खेळावरच टीकाटिपणी, ही रीत आपल्याकडे किती जुनी असावी? भरताच्या नाट्यशास्त्रात नाटकाच्या पूर्वरंगात ‘त्रिगत’ नावाचा भाग सांगितला आहे. त्यात सूत्रधार आणि त्याचा सहकारी बोलत असताना विदूषक मध्येच घुसून असंबद्ध बडबड करतो. तमाशातल्या बतावणीत सरदार आणि सोंगाड्या यांचे जे चालते, त्याचे हे पूर्वजच म्हणायचे. गवळणीत कृष्णाबरोबर पेंद्या येतो आणि गौळणींची ‘मावशी’ येते. ही मावशी बाईच्या वेषातला पुरुष असतो, आणि सगळे चावट बोलणे याच मंडळींच्या तोंडी. आपल्याकडे पेडण्यात दशावतारी काला होतो, तिथला संकासुरही याच कुळातला. काळ्या वेषातला हा गडी देवाच्या नावाने चाललेल्या खेळात उभा राहून समोर बसलेल्या गावकऱ्यांचीच खिल्ली उडवतो, आणि देवळाच्या प्रांगणात बसलेली मंडळी पोट धरून हसतात. कोणी म्हणत नाही की देव बाटला.

मतांचा इतिहासही तेवढाच जुना आहे. नाट्यशास्त्राच्या शेवटच्या भागात एक कथा येते. भरताचे पुत्र नाट्यकलेने माजले आणि प्रहसनांतून ऋषींचीच ग्राम्य नक्कल करू लागले. ऋषी संतापले आणि त्यांनी नटांना शाप दिला की, तुमचे ज्ञान नष्ट होईल आणि तुम्ही शूद्र व्हाल. अश्लील विनोदावरचा हा आपल्या परंपरेतला बहुधा सर्वांत जुना ‘प्रेक्षकांचा अभिप्राय’! त्यात कलेबद्दलची नाराजी किती आणि आपली नक्कल झाल्याचा राग किती, हे वाचकांनीच ठरवावे. शिक्षा मात्र नुसती विनोदाला झाली नाही, ती नटांच्या जातीला झाली. तमाशा कलावंतांच्या वाट्याला पुढे शतकानुशतके जे आले ते पाहता ही कथा निव्वळ कथा वाटत नाही.

त्याच ग्रंथात दुसरीही बाजू आहे. प्रयोग यशस्वी झाला हे कसे ओळखावे, याच्या खुणा भरताने मोजून दिल्या आहेत. प्रेक्षक स्मित करतात, खळखळून हसतात, ‘वाहवा’ म्हणतात, अंगावर रोमांच येऊन जागेवरून उठतात, अंगावरची वस्त्रे आणि बोटातल्या अंगठ्या नटांकडे फेकतात. तमाशातली दौलतजादा आणि टॉकीजमध्ये पडद्यावर उधळलेली नाणी आठवतात ना? म्हणजे ऋषींचा शाप हे एक मत आणि फेकलेली अंगठी हे दुसरे मत. दोन्ही एकाच पोथीत नोंदलेली.

पुढे शासनाने ऋषींची जागा घेतली. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. मग सुधारणा, संहिता तपासणे, परवाने आले आणि तमाशाने ‘लोकनाट्य’ हे धुतलेले नाव घेतले. सिनेमाला सेन्सॉर होताच. ‘पांडू हवालदार’च्या वेळी दाखले मुख्यतः दोनच, ‘यू’ आणि ‘ए’. मधला ‘यूए’ १९८३ मध्ये आला. दादांची सगळी करामत या दोन रकान्यांच्या मधल्या फटीत होती. शब्द सरळ, अर्थ वाकडा. आणि वाकडा अर्थ काढलात तर दोष तुमच्या मनाचा! सेन्सॉरची कात्री शब्दावर चालते, मनावर कशी चालणार?

‘सोंगाड्या’च्या वेळची हकीकत प्रसिद्ध आहे. दादरच्या कोहिनूर थिएटरात देव आनंदचा ‘तेरे मेरे सपने’ लावायचा म्हणून ‘सोंगाड्या’ला जागा मिळेना. बाळासाहेब ठाकरे यांच्या शिवसैनिकांनी आवाज उठवला तेव्हा कुठे तो लागला, आणि मग उतरायला तयार होईना. पुढे दादांच्या नऊ चित्रपटांनी ओळीने रौप्यमहोत्सव केले आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली, असे सर्वत्र सांगितले जाते. रौप्यमहोत्सव म्हणजे पंचवीस आठवडे. गिरणीतून सुटलेला कामगार, बाजाराच्या दिवशी तालुक्याला आलेला शेतकरी यांनी सिनेमावर परीक्षणे लिहिली नाहीत. त्यांची सही तिकिटाच्या खिडकीवर झाली. परीक्षणे ज्यांनी लिहिली ते ‘पाचकळ’, ‘ग्राम्य’, ‘हिणकस’ असे लिहून मोकळे झाले. ‘ग्राम्य’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘गावाकडचा’ एवढाच आहे, हे त्यांच्या लक्षात आले नसावे.

आम्हा गोव्यातल्या मराठीवाल्यांची अडचण आणखी वेगळी. आमच्याकडे मराठी ही शाळेची, भजनाची, संगीत नाटकाची भाषा. घरात कोकणी आणि देवासमोर मराठी. १९६७ चा जनमत कौल, १९८७ चा राजभाषा कायदा, या सगळ्यांत आमच्या वडीलधाऱ्यांना मराठीची बाजू सतत मांडत राहावी लागली. ज्या भाषेसाठी आपण भांडतो ती स्वच्छ, इस्त्री केलेली दिसायला हवी, असे वाटणे स्वाभाविकच. त्यात दादा कोंडके कुठे बसवणार? माझे बाबा मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक. दादांचे नाव निघाले की ‘छचोर’ या एका शब्दात निकाल. नव्वदच्या दशकात आमच्या वाड्यावर केबल आली. एका दुपारी आतल्या खोलीत ‘पांडू हवालदार’ लागला होता. बाबा आरामखुर्चीत, तोंडासमोर वर्तमानपत्र धरून. मी दारातून पाहत होतो. वर्तमानपत्र हलत होते. पंखा मात्र बंद होता!

इथवर लिहून मी थांबणार होतो. लेखी मत खोटे, हसू खरे. शिष्टांनी झोडपले, रयतेने डोक्यावर घेतले, असा सोपा निष्कर्ष काढून. पण मग मला माझ्या मावशीची आठवण झाली.

माझी मावशी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात केळी विकायची. मयड्याची केळी, चांगली हातभर लांब. ‘पांडू हवालदार’ गोव्यात लागला तेव्हा तिशीच्या आतबाहेरची असेल. शेजारणींबरोबर तिने तो टॉकीजमध्ये जाऊन पाहिला होता. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो तेव्हा सहज विचारले, "मावशी, कसा वाटला होता तो सिनेमा?"

आधी ती हसली. म्हणाली, पोलिसांची अशी फजिती तोवर कोणी दाखवली नव्हती. बाजारात हप्त्याला टेकलेला शिपाई आला की आम्ही बायका एकमेकींकडे बघून ‘पांडू आला’ म्हणायचो आणि त्याची भीतीच जायची. (हवालदाराला ‘पांडू’ म्हणायची चाल या सिनेमापासूनच पडली म्हणतात, ती म्हापशापर्यंत पोचली होती तर!) मग थोडा वेळ गप्प राहून तिने सांगितले, पण त्याच आठवड्यापासून गिऱ्हाइके मलाही ‘पारू’ म्हणू लागली. केळे हातात घेऊन काहीबाही बोलायची, वर आपापसांत हसायची. रागावले तर म्हणायची, आम्ही कुठे वाईट बोललो? तूच वाईट अर्थ घेतेस. दोन वर्षे ऐकले. मग केळी सोडली आणि भाजी विकायला लागले.

मी निरुत्तर झालो. दादांच्या बाजूने जो युक्तिवाद मी आत्ताच वर कौतुकाने लिहिला, तोच तिला बाजारात तोंडावर ऐकावा लागला होता. पडद्यावरची पारू फटकळ, पांडूला पुरून उरणारी. तिच्यासाठी संवाद लिहिलेले होते. माझ्या मावशीला ते कोणी लिहून दिले नव्हते.

"म्हणजे सिनेमा वाईट?" मी विचारले. "वाईट कशाला? अर्धा माझ्यासाठी होता, अर्धा माझ्यावर होता," ती म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

नाट्यशास्त्रात कोणत्या प्रेक्षकाला काय आवडते याची यादी आहे. तरुणांना शृंगार, शूरांना युद्ध, वृद्धांना पुराणकथा. आणि मुले, मूर्ख व स्त्रिया यांना हास्य आणि नटांचा वेष, असे तिथे सांगून टाकले आहे. भरतमुनींना कोणी केळेवाली भेटली नसावी. ऋषींनी शाप दिला तो आपली नक्कल झाली म्हणून. मावशीचीही नक्कल झाली, पण तिने शाप दिला नाही. जे हसण्यासारखे होते त्याला ती हसली, जे लागले ते लक्षात ठेवले, आणि दोन्हीचा हिशेब वेगवेगळा मांडला. इतके नेमके परीक्षण मी तरी कुठल्या वर्तमानपत्रात वाचलेले नाही.

२०२१ मध्ये भाऊ कदम आणि कुशल बद्रिके यांचा ‘पांडू’ हा चित्रपट दादांना मानवंदना म्हणून आला. तेव्हाही तेच दोन रकाने भरले गेले, ‘थिल्लर’ आणि ‘पैसा वसूल’. पुढेही असे सिनेमे येतील, पुढेही लोक हसतील आणि डोळे पुसून नाके मुरडतील. आमच्या कचेरीतल्या ज्येष्ठांना मी काही बोललो नाही. पण कधी कोणी मराठी विनोदाच्या प्रेक्षकांचा इतिहास लिहायला घेतलाच, तर त्याने वाचनालयातल्या जुन्या अंकांबरोबर एकदा शुक्रवारच्या बाजारातही चक्कर मारावी. तिथली मते अजून कोणी टिपून घेतलेली नाहीत, आणि ती सांगणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे गेल्या आहेत.