रणगाड्याचं मॉडेल १:३५ याच मापात का असतं?

छोट्या रणगाड्यांच्या बहुतेक खोक्यांवर १:३५ लिहिलेलं असतं. म्हणजे पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक जेमतेम ५ सेंटीमीटरचा. हा विचित्र आकडा आला कुठून? जपानच्या तामिया कंपनीने १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा ‘पँथर’ काढला. मोटर आणि बॅटऱ्या आत मावतील एवढं मॉडेल केलं, ते साधारण ३५ पट लहान निघालं. पुढे तेच माप रूढ झालं.

जोडणी तशी सोपी, खरी कसोटी रंगकामाची. रंग वाळला की आधी चकचकीत वॉर्निश, मग आकडे-चिन्हांची डिकल्स. खरखरीत मॅट रंगावर डिकल लावलं तर खाली हवा अडकून चंदेरी झाक दिसते, आणि जाणकार मित्र पहिलं बोट तिथेच ठेवतात. दुसरं बोट पट्ट्यांवर. टी-५५ला वर आधाराची चाकं नसतात, म्हणून वरची पट्टी मोठ्या चाकांवर लोळते. मॉडेलमध्ये ती ताठ राहिली की खेळणं वाटतं. असे शेरे शेवटचं मॅट वॉर्निश मारण्याआधीच मागावेत, नंतर डिकल काढणं अवघड. चिखल-गंज मात्र हात राखूनच. तो सगळ्यांचाच जास्त होतो!

खरे रणगाडे जवळून पाहायचे तर अहिल्यानगरचं कॅव्हलरी टँक म्युझियम आहे.