जुन्या ॲम्प्लिफायरची पारख

१९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी हवाबंद पेटीतला छोटा स्पीकर बनवला. खर्ज उत्तम, पण कार्यक्षमता कमी. त्यामुळे घरातही अधिक शक्तीचे ॲम्प्लिफायर लागू लागले. शिवाय ओहमच्या नियमानुसार, त्याच व्होल्टेजला ४ ओहमचा स्पीकर ८ ओहमच्या दुप्पट प्रवाह घेतो. म्हणून जुना ॲम्प्लिफायर घेताना आम्ही ४ ओहमला तो किती वॅट देतो, हे विचारतो. दुबळा ॲम्प्लिफायर ताणला, तर तरंगांचे माथे छाटले जातात आणि उंच स्वरांचा नाजूक स्पीकर जळू शकतो. लोणावळा-मावळच्या पावसाळी दमटपणात रिले व स्विचचे संपर्कही गंजतात. कपॅसिटर उष्णतेने, वयाने सुकतात. तेव्हा बाहेरच्या चकाकीपेक्षा हे भाग आधी तपासावेत.