विजयस्तंभ : नावांची वास्तू

युद्धस्मारक म्हटले की नरडाण्यापासून पुण्यापर्यंत प्रथम पुतळाच डोळ्यांपुढे येतो. भीमा कोरेगावचा स्तंभ मात्र मूर्तीविना उभा आहे. 1 जानेवारी 1818 च्या लढाईच्या स्मरणार्थ ईस्ट इंडिया कंपनीने 1821 मध्ये त्याची पायाभरणी केली. चौरस चौथरा व वर निमुळता होत गेलेला दगडी स्तंभ, एवढीच रचना. तरीही तेथे मन हेलावते, ते शिलालेखामुळे. कोरलेल्या 49 मृतांपैकी 22 नावांच्या अखेरीस 'नाक' हा प्रत्यय आहे. ती महार सैनिकांची नावे होत. ज्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांची नावे कप्तान स्टाँटन यांच्या नावासोबत त्याच स्तंभावर! लेख वाचावयाचे तर स्तंभाभोवती फिरावे लागते. स्तूपाच्या प्रदक्षिणेची सवय असलेल्या उपासकास ही गती परकी नाही.

कंपनीला गौरव स्वतःच्या विजयाचा करावयाचा होता, हे विसरता कामा नये. पुढे 1892 च्या सुमारास इंग्रज सरकारनेच महारांची लष्करभरती बंद केली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे आले, आणि सत्तेच्या विजयचिन्हास अस्पृश्यांच्या पराक्रमाचा अर्थ लाभला.

खानदेशात कोणी असे स्मारक योजील, तर त्याने नावांसाठी भिंत आणि फिरण्यासाठी मोकळी जागा आधी आखावी; पुतळ्याचा विचार नंतर.