देवाचें नांव आणि वहिवाटदाराचें नांव

गेल्या वर्षीं आमच्या गांवच्या ग्रंथालयाकडे एका बँकेनें एक पत्रक भरून मागितलें. त्यांत "संस्थेचे लाभार्थी मालक कोण?" असा रकाना होता. चिटणीस तें पत्रक घेऊन प्रस्तुत लेखकाकडे आले व "गुरुजी, येथें काय लिहावयाचें?" असें विचारूं लागले. सन १८६० च्या २१ व्या कायद्याखालीं नोंदलेली संस्था मोडली, तरी शिल्लक मालमत्तेंतून सभासदास कांहीं मिळत नाहीं. मग मालक आणावा कोठून?

प्रश्न प्रथम हास्यास्पद वाटला. परंतु जुनीं दप्तरें चाळणारास तो अपरिचित नाहीं. आपल्या देवस्थान-इनामांच्या नोंदींच्या मुळाशीं हाच प्रश्न आहे, आणि तो न विचारल्यामुळें आपण संशोधक पुष्कळदां फसतों, असें आमचें मत आहे.

शास्त्रकारांनीं याचा विचार केला नव्हता असें नाहीं. जैमिनिसूत्रांच्या नवव्या अध्यायाच्या पहिल्या पादांतील देवताविषयक अधिकरणांत शबरस्वामीनें तो स्पष्टपणें केला आहे. लोक 'देवाचा गांव', 'देवाचें शेत' असें म्हणतात तो केवळ उपचार, असें त्याचें म्हणणें. एखाद्या वस्तूचा आपल्या इच्छेप्रमाणें विनियोग करण्यास जो समर्थ, त्याची ती वस्तु. देवता गांवाचा असा विनियोग करीत नाहीं. तिला उद्देशून जें दिलें जातें त्यावर तिच्या परिचारकांचा निर्वाह चालतो. भाष्यकारास कर्माचें प्राधान्य स्थापावयाचें होतें, जमिनींचा निवाडा करावयाचा नव्हता, हें खरें. तरी नांव कोणाचें आणि भोग कोणाचा, हे दोन प्रश्न त्यानें जितके स्वच्छ वेगळे केले तितके पुढील कारकुनांनीं क्वचितच केले.

इनाम कमिशनच्या वेळीं या भेदावर पोट अवलंबून राहिलें. सन १८५२ च्या ११ व्या कायद्याच्या नियमांप्रमाणें व्यक्तीच्या इनामास दीर्घ भोग आणि वंशपरंपरा यांचा पुरावा द्यावा लागे. देवस्थानाचें इनाम मात्र मूळ देणगींत कायमपणाचा उल्लेख नसला तरी कायम चालावयाचें. तेव्हां शेत कोणत्या सदरांत पडतें, यावर एखाद्या घराण्याच्या पुढील पिढ्यांचें अन्न ठरे. म्हणून अशा नोंदींत श्रींच्या नांवाबरोबर वहिवाटदाराचेंहि नांव पाहावें लागतें. कोणी नक्कल करणारा देवाचें तेवढें उतरून घेतो. कोणी कुलवृत्तान्त लिहिणारा वहिवाटदारालाच इनामदार करून टाकतो. पहिल्यांत माणूस नाहींसा होतो, दुसऱ्यांत देव. दुसरा प्रमाद अधिक घातक, कारण तो छापला जातो व पुढें पुरावा म्हणून पुढें केला जातो.

या प्रश्नाचा न्यायालयांत कस लागला तो डाकोरच्या प्रकरणांत. खेडा जिल्ह्यांतील श्रीरणछोडरायाचें तेथील विद्यमान मंदिर सन १७७२ त गोपाळ जगन्नाथ तांबेकर या मराठी सराफानें बांधविलें. पुढें शंभर वर्षांनंतर मूर्तीपुढें येणाऱ्या द्रव्याचे धनी कोण, हा वाद मुंबई हायकोर्टांत आला. वादींत मनोहर गणेश हेहि तांबेकरच. सेवकांचें म्हणणें असें कीं, देवापुढें पडलेलें तें आमचें. त्याचा हिशेब आम्हांस कोणी विचारूं नये. ज्या सेवकांच्या पूर्वजांनीं पिढ्यान्‌पिढ्या पूजाअर्चा केली, त्यांना हें म्हणणें अप्रामाणिक वाटत नसावें, हेंहि ध्यानांत घेतलें पाहिजे.

सन १८८७ चा निर्णय न्या. वेस्ट यांचा. डॉ. ब्यूलर यांच्या सहकार्यानें हिंदु धर्मशास्त्रावरील व्यवस्थांचा संग्रह सिद्ध करणारे ते हेच. त्यांनीं मूर्तीस कायद्याच्या दृष्टीनें व्यक्ति मानिलें, आणि सेवकांस त्या व्यक्तीच्या द्रव्याचे विश्वस्त ठरविलें. सेवेबद्दल निर्वाह मिळावा, परंतु हिशेब दिलाच पाहिजे. व्यवस्थेच्या योजनेचा वाद त्यापुढेंहि चालून सन १८९९ त प्रिव्ही कौन्सिलपुढें निकालास लागला. शबरस्वामीनें देवतेचें स्वामित्व औपचारिक म्हटलें. न्यायमूर्तींनीं तो उपचारच खरा करून त्याच्या आधारें भोक्त्यास उत्तरदायी केलें. मार्ग उलट, पण दोघांचीहि दृष्टि परिचारकावरच खिळलेली आहे.

सन १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें ही नजर नोंदवहींत उतरविली. विश्वस्तांचीं व व्यवस्थापकाचीं नांवें, विश्वस्तपदाच्या उत्तराधिकाराची रीत, स्थावर-जंगम मालमत्ता, हें सर्व लिहून द्यावयाचें. फरक झाल्यास तोहि कळवावयाचा. बँकेच्या पत्रकाचें मूळ मात्र निराळें. काळ्या पैशाच्या स्थित्यंतरास आळा घालणाऱ्या कायद्याखालील सन २००५ च्या नियमांत पुढें 'लाभार्थी मालक' शोधण्याची रीत घालण्यांत आली. लाभ घेणारा कोणीच न सांपडल्यास प्रमुख अधिकाऱ्याचें नांव घालावें, अशी तींत तजवीज आहे.

आतां संग्राहकांस एक विनंति. देवस्थानाचे रुमाल बहुधा वहिवाटदाराच्या माडीवर सांपडतात, आणि देणाराहि ते 'आमच्या घरचे' म्हणून देतो. कागद घेतांना ते कोणत्या देवाचे, कोणाच्या वहिवाटींतील व कोणत्या घरांतून आले, हीं तीन टिपणें निरनिराळीं ठेवावींत. घरचा जमाखर्च व देवाचा जमाखर्च एकाच वहींत असल्यास पानें सोडवून वेगळीं करूं नयेत. त्यांचें एकत्र असणें हाच पुरावा आहे.

ग्रंथालयाच्या पत्रकांत अखेर चिटणीसांचें नांव गेलें. लाभ म्हणावा तर कपाटांच्या किल्ल्यांचा जुडगा तेवढा त्यांच्याकडे आहे. दप्तरीं ठेवलेल्या प्रतीवर त्यांनीं आपल्या नांवापुढें स्वहस्तें 'मालक नव्हे, वहिवाटदार' असा शेरा लिहून ठेविला आहे.