हळदीचा फुलोरा

हळदीच्या पानांच्या पोंग्यातून वर येणारे कणिश. हळद (कर्क्युमा लाँगा) आल्याच्या कुळातली. हिंगोली जिल्ह्यात, वसमत-कळमनुरी-औंढा भागात विशेष, मे-जूनमध्ये गादीवाफ्यावर बेणे लावतात. पाऊस सरत आला की फुलोरा दिसू लागतो. सगळ्याच झाडांना तो येत नाही.

कणिश साधारण 10 ते 15 सें.मी. लांब. त्यावर होडीच्या आकाराचे छद, म्हणजे कळ्यांना पोटात घेणारी पानासारखी आवरणे, मळसूत्रासारखे फिरत चढतात. शेंड्याकडचे छद पांढरे, कधी गुलाबी झाक असलेले. बांधावरून पाहणाऱ्याला तेच फूल वाटते, पण त्यांच्या पोटात कळी नसते. खरी फुले खालच्या हिरवट छदांत असतात: पिवळसर, नाजूक, सकाळी लवकर उमलणारी आणि एका दिवसाची. पाकळीसारखा दिसणारा रुंद ओठ वांझ केसरांचा बनलेला असतो. परागकण देणारा केसर एकच.

फुले मोजायची तर दांड्याची ठेवण आधी कळायला हवी. तुलनेला आयरिस हे बागेतले फूलझाड घ्या: पाकळ्यांवर दाढीसारखी लव असलेल्या उंच आयरिसच्या दांड्याला उघड फाटे फुटतात. त्यावरच्या कळ्या मोजून बागाईतदार जातीची पारख करतात. हळदीचा दांडा मात्र सरळसोट. त्याचे फाटे आखडून छदांत लपलेले असतात. एकेका छदात बहुधा 2 ते 4 कळ्या असतात आणि त्या पाळीपाळीने उमलतात. त्यामुळे एका सकाळी दिसलेली फुले मोजून हिशेब चुकतो. आधी हिरवे छद मोजावेत, मग दोन-चार छद अलगद उघडून आतल्या कळ्या पाहाव्यात. पांढरे छद वेगळे मोजावेत.

फुलोरा फुटव्याच्या टोकाशी येतो. तो आला की त्या फुटव्याला नवे पान येत नाही. जमिनीखाली मात्र फांद्यांचा पसारा वेगळाच असतो: मधोमध जेठा गड्डा, त्याच्या बगलेला अंगठे गड्डे आणि त्यांना फुटलेली हळकुंडे. शेतकऱ्याचा पैसा या फांद्यांत आहे. ‘वसमत हळदी’ला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात लिलाव होतो तो याच मालाचा.

इतकी फुले येऊनही बी जवळजवळ धरत नाही. लागवडीतल्या हळदीत गुणसूत्रे 63, म्हणजे तीन संच. जोड्या नीट जुळत नाहीत आणि परागकण बहुतांशी वांझ निघतात. म्हणून लावायचे ते गड्डेच, आणि प्रत्येक बेणे जुन्याच झाडाचा तुकडा. अशा पिकात दोन वाण पानांवरून सहज ओळखू येत नाहीत. वाणांच्या नोंदीत गड्ड्यांच्या वजनाशेजारी छदांची संख्या, शेंड्याचा रंग आणि पहिला दांडा दिसल्याची तारीख लिहिलीच पाहिजे. या खुणा टिपायला दिवस थोडे मिळतात. काढणीला, जानेवारीनंतर, पाला वाळलेला असतो आणि दांडाही उरत नाही.