केसपेपरात न मावणारी गोष्ट

गोष्ट सांगणे ही माणसाची फार जुनी विद्या. पण विद्यापीठाच्या अंदाजपत्रकात तिच्यासाठी स्वतंत्र रकाना क्वचितच सापडतो. साहित्य, इतिहास, मानसशास्त्र, मानवशास्त्र अशा साऱ्यांचाच तिच्यावर थोडाथोडा हक्क असल्याने तिच्या संगोपनाची जबाबदारी कोणावरच येत नाही. निरनिराळ्या विभागांतील अध्यापकांनी एकत्र बसून कथनाचा अभ्यासक्रम आखायचा, तर त्या वेळेचे मोल कोणी द्यायचे? अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयांत कथेचा प्रवेश कसा झाला, हा इतिहास या प्रश्नाच्या संदर्भात पाहण्याजोगा आहे.

अमेरिकेत विज्ञानासाठीची राष्ट्रीय संस्था 1950 मध्ये स्थापन झाली. 1957 मध्ये सोव्हिएत रशियाने स्पुटनिक सोडल्यानंतर विज्ञानाकडे जाणारा पैशाचा ओघ आणखी वाढला. मानव्यविद्यांची उपेक्षा होत असल्याचे गाऱ्हाणे विद्वत्संस्थांनी नेमलेल्या एका आयोगाने 1964 मध्ये अहवालरूपाने मांडले. ब्राऊन विद्यापीठाचे अध्यक्ष बार्नबी कीनी या आयोगाचे प्रमुख होते. पुढच्याच वर्षी, 29 सप्टेंबर 1965 रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायद्यावर सही केली आणि मानव्यविद्यांसाठीचा राष्ट्रीय निधी अस्तित्वात आला. पुढे कीनी या निधीचेही अध्यक्ष झाले.

याच सुमारास वैद्यकालाही आपल्यातील एक उणीव जाणवू लागली होती. तंत्रज्ञान वाढत होते आणि रोगी मात्र डॉक्टरच्या नजरेआड जात होता. 1967 मध्ये पेनसिल्व्हेनियातील हर्शी येथील नव्या वैद्यकीय महाविद्यालयाने मानव्यविद्यांचा स्वतंत्र विभाग काढला. 1972 मध्ये तिथे जोअ‍ॅन ट्राउटमन साहित्य शिकवू लागल्या. व्हर्जिनिया वुल्फच्या पत्रांच्या संपादनात पुढे ज्यांचे नाव आले, त्याच या विदुषी. सत्तरच्या दशकात वैद्यक आणि मानवी मूल्ये यांचा मेळ घालणाऱ्या शिक्षणप्रयत्नांना राष्ट्रीय निधीतून साहाय्य मिळाले, आणि भावी डॉक्टरांच्या वर्गात टॉलस्टॉयचा इव्हान इलिच येऊन बसला.

या परंपरेला नवे वळण दिले ते कोलंबिया विद्यापीठातील डॉ. रिटा शेरॉन यांनी. रुग्ण पाहतापाहता त्यांनी इंग्रजी साहित्याचा रीतसर अभ्यास केला आणि 1999 मध्ये डॉक्टरेट मिळवली. 2000 मध्ये त्यांनी 'कथनाधारित वैद्यक' या नावाने कार्यक्रम सुरू केला. डॉक्टर आणि साहित्याभ्यासक यांनी एकत्र बसून या विषयाची बांधणी करावी, यासाठीही राष्ट्रीय निधीचे अनुदान लाभले. 2009 मध्ये त्यातून पदव्युत्तर अभ्यासक्रम उभा राहिला.

शेरॉन यांची एक रीत विलक्षण साधी आहे. रुग्णालयाचा केसपेपर जसा असतो तसाच राहतो. विद्यार्थ्याने शेजारी दुसरा, समांतर केसपेपर लिहायचा. खाटेवरचा म्हातारा पाहून नुकत्याच गेलेल्या आजोबांची आठवण येत असेल, तर ते रक्तदाबाच्या नोंदीशेजारी लिहिता येत नाही. पण ते कुठेतरी लिहिले गेले पाहिजे, कारण उपचार करणाऱ्याच्या वागण्यावर त्याची सावली पडतेच. मग ते लिखाण सर्वांसमोर वाचायचे आणि चर्चा करायची ती त्यातल्या शब्दांची, काळाची, निवेदकाची. साहित्यसमीक्षेची जुनी अवजारे अशी खाटेपाशी उपयोगी पडली.

मात्र याची एक किंमतही आहे. अनुदानाच्या अर्जात कथेला आपली उपयुक्तता सिद्ध करावी लागते: डॉक्टर अधिक सहृदय होतील, चुका कमी होतील वगैरे. ते खरेही असेल. परंतु ज्या कथेने कोणाचे काहीच सुधारत नाही, तिला वर्गात जागा नाही काय? निदान 1965 च्या कायद्यामागील भूमिका याहून उदार होती. लोकशाहीला शहाणपणाची आणि दृष्टीची गरज असते, असे त्यात गृहीत धरले होते.

2018 मध्ये राष्ट्रीय निधीने आपले मानाचे जेफरसन व्याख्यान देण्यास शेरॉन यांनाच पाचारण केले. त्यानंतर सातच वर्षांनी, एप्रिल 2025 मध्ये, याच निधीची हजाराहून अधिक मंजूर अनुदाने एकाएकी रद्द करण्यात आली आणि प्रकरण न्यायालयांत गेले. अभ्यासक्रम रुजायला दशके लागतात. अनुदान थांबवायला एक पत्र पुरते. तरीही या इतिहासातून एवढे निश्चित दिसते की, त्या पैशाने कथा विकत घेतली नव्हती. एरवी एकमेकांच्या दारात न जाणाऱ्या माणसांना त्याने एका टेबलाभोवती बसायला सवड दिली होती. ती सवड गेली, तर गोष्टी राहतील. त्या ऐकायला शिकवणारे वर्ग मात्र ओस पडतील.